सत्तेचाळिसावी नोंद

"बाय, ती आधी बांधता काय आधी चावता?"

बाबलकाकांनी मागून विचारलं आणि मी दचकले. समोरच्या कोळ्याच्या जाळ्यात एक हिरवा नाकतोडा धडपडत होता. मी डावा हात मागे करून त्यांना गप्प बसायची खूण केली आणि मांडीवरच्या टेपरेकॉर्डरशी बोलत राहिले.

"आठ वाजून चाळीस मिनिटं. कोळीण मध्यावरून निघाली. भक्ष्यापासून बोटभर अंतरावर थांबली. पाठ फिरवली. धागा."

धागा म्हणते खरी, पण तो एक धागा नसतो. पोटाच्या टोकातून पांढरा पट्टाच सुटतो, आणि कोळीण मागच्या दोन पायांनी, एकाआड एक, तो भक्ष्यावर फेकत राहते. नाकतोडा तिच्या तिप्पट जड होता. एका लाथेत त्यानं तिला उडवली असती. पण ती त्याच्या जवळ गेलीच नाही. लांबूनच फेकत राहिली, मग पायांनी त्याला गरगरा फिरवू लागली. अर्ध्या मिनिटात नाकतोडा दिसेनासा झाला. एक पांढरं गाठोडं उरलं, आणि त्यातून बाहेर राहिलेला एक पाय. तो हलत होता. मग ती पुढे झाली आणि चावली.

मी टेप बंद केली.

"आधी बांधते, काका. मग चावते. पण टेप चालू असताना बोलायचं नाही हं. तुमचा आवाज त्यात येतो. माझी सगळी नोंद खराब होते."

"चुकला माजा," ते म्हणाले आणि खरोखरच ओशाळले. पन्नाशी उलटलेला, काळा, काटक माणूस, खांद्यावर कोयता आणि झाडावर चढताना पायांत अडकवायचा काथ्याचा फास. बावीस वर्षांच्या मुलीनं दटावलं म्हणून मान खाली घालून उभा राहिला. त्या संध्याकाळी मी त्यांना बायकोला सांगताना ऐकलं, "बाय त्या पेटयेशी बोलता तेवा कोणी तोंड उघडूचा नाय. तिचा काम नासता."

ही एकोणीसशे नव्वद सालच्या सप्टेंबरातली गोष्ट. मी कोल्हापूरला एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. प्राणिशास्त्र. आमचे तांबोळी सर कोळ्यांवर काम करायचे. माझ्या प्रबंधासाठी त्यांनी मला एकच प्रश्न दिला होता: जाळ्याच्या मध्यावर पांढऱ्या जाड धाग्यांची फुली काढून बसणारी ती पिवळ्या पट्ट्यांची कोळीण भक्ष्य पकडते तेव्हा क्रम काय असतो? पुस्तकं सांगत होती की नाकतोडा, भुंगा, माशी आली की ती आधी गुंडाळते. पण फुलपाखरू आलं तर आधी चावते आणि धरून ठेवते, कारण फुलपाखराच्या पंखांवरची भुकटी सुटते आणि ते क्षणात निसटतं. सर म्हणाले होते, "पुस्तकातलं पुस्तकात राहू दे. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एक ओळ लिहू नकोस. आणि जाळ्यात हातानं काही टाकायचं नाही. आपसूक येईल तेच."

म्हणून मी तळकोकणात, बाबल मयेकरांच्या आगरात येऊन राहिले. सरांच्या ओळखीतल्या कुणीतरी घर सुचवलं होतं. घरात दोघंच, काका आणि जयवंतीकाकी. मुलगी लग्न होऊन गोव्याला. मला पडवीतली खोली दिली होती. काका पोफळींवर, माडांवर चढून सुपारी-नारळ उतरवायचे, स्वतःचेही आणि गावातल्या इतरांचेही. घराच्या मागे त्यांचं आगर. उंच, सडसडीत पोफळी, खाली ओल, अळू, हळदीची पानं. आणि पोफळी-पोफळींमध्ये ताणलेली जाळी. मला हवी तेवढी.

सव्वीस दिवसांत माझ्या सेहेचाळीस नोंदी झाल्या. नाकतोडे, माश्या, भुंगे, एक गांधीलमाशी. सगळ्यांना तिनं आधी बांधलं. फुलपाखरू एकदाही आलं नाही. जाळ्यासमोर डोळे लावून मी रोज सकाळी बसायची. पापणी लवली तरी सुरुवात हुकते, म्हणून लिहिण्याऐवजी टेपवर बोलायचं, असं सरांनीच शिकवलं होतं. डोळे जाळ्यावर, तोंड टेपशी, हातात स्टॉपवॉच. या तिन्हींशिवाय जग आहे हे हळूहळू मी विसरायला शिकले. त्याचा मला अभिमानही वाटायचा.

सत्ताविसाव्या दिवशी सकाळी काकी बाजाराला गेल्या. रात्रभर पाऊस पडून गेला होता आणि आता लख्ख ऊन पडलं होतं. काका माझ्या पाठीमागून फास घेऊन गेले. जाताना बोलले नाहीत, टेप चालू होती. दहाएक पावलांवरच्या पोफळीला त्यांनी फास लावल्याचं मला अंदाजानं कळलं असेल, किंवा नसेलही.

नऊच्या सुमारास फुलपाखरू आलं.

काळं, निळ्या ठिपक्यांचं. हळदीच्या पानांवरून वर आलं आणि सरळ जाळ्यात शिरलं. कोळीण बाणासारखी सुटली. थांबली नाही, पाठ फिरवली नाही. थेट अंगावर गेली आणि दात रोवले. पुस्तकातली ओळ माझ्यासमोर जिवंत घडत होती. तिनं फुलपाखराला घट्ट कवटाळलं होतं. पंख फडफडत होते, त्यांची भुकटी उन्हात उडत होती. एक पंख थांबला. मग दुसरा. मग तिनं दात काढले, आणि तेव्हा कुठे गुंडाळायला सुरुवात केली.

मधेच मागे कुठेतरी झावळ पडल्यासारखा धप्प आवाज झाला. आगरात झावळा पडतच असतात.

गाठोडं पूर्ण झालं, कोळीण ते घेऊन मध्यावर गेली, तेव्हा मी टेप बंद केली. उभी राहिले आणि आनंदानं हाक मारली, "काका! फुलपाखरू! आधी चावली!"

उत्तर आलं नाही. मी वळले. पोफळीच्या बुंध्याशी ते आडवे पडले होते. मान अशा बाजूला वळलेली, की तशी जिवंत माणसाची मान वळत नाही. डोळे उघडे होते. तुटलेला फास एका घोट्यात अडकून राहिला होता.

मी किंचाळले की नाही, आठवत नाही. शेजारच्या आगरातली माणसं धावत आली, एवढं आठवतं.

पंचनामा झाला. हवालदारानं मला विचारलं, "तुम्ही इथं बसला होतात? दहा पावलांवर? काही ऐकलंत?"

"नाही," मी म्हणाले. "धप्प आवाज झाला तेवढाच. मला वाटलं झावळ पडली."

"हाक, ओरडणं, काही?"

"काहीच नाही."

मी खरं सांगत होते. आज इतक्या वर्षांनी शपथेवर सांगायला सांगितलं, तरी हेच म्हणेन, त्या क्षणी मी खरं सांगत होते.

आवाज न करता माणूस एवढ्या उंचावरून पडेल कसा, असा प्रश्न सगळ्यांना पडला. मग कुणीतरी म्हणालं, "वरच काळीज बंद पडला असतला. जीव वरच गेलो, खाली नुसता शरीर पडला." ते सगळ्यांना पटलं. जयवंतीकाकींनाही तेच सांगण्यात आलं. बाजारातली पिशवी तशीच हातात धरून त्या ऐकत होत्या. पिशवीतून मेथीची जुडी लोंबत होती.

तिसऱ्या दिवशी मी कोल्हापूरला निघाले. काकी खांबाला टेकून बसल्या होत्या. मी पाया पडले. त्यांनी माझं मनगट धरलं.

"बाय, माका एकच सांग. ह्यांनी हाक मारल्यानी काय?"

"नाही, काकी. मी तिथंच होते. हाक मारली असती तर मी धावले नसते का?"

"तां खरा," त्या म्हणाल्या आणि मनगट सोडलं. "येवढ्या जवळ माणूस आसताना हाक मारूची नाय म्हंजे वरच गेले."

कोल्हापुरात आठवडाभर मी टेपला हात लावला नाही. मग एका दुपारी, खोलीतली मैत्रीण कॉलेजला गेलेली असताना, वही उघडली आणि सत्तेचाळिसावी नोंद उतरवायला बसले. फुलपाखराची. माझ्या प्रबंधातली सगळ्यात महत्त्वाची.

टेपवर माझा आवाज होता. उत्तेजित, पण स्पष्ट. "नऊ वाजून बारा मिनिटं. फुलपाखरू. थेट हल्ला. धागा नाही. पुन्हा सांगते, धागा नाही. दात रोवले."

मी लिहीत होते. मग मागे कुणीतरी काहीतरी बोललं. मी पेन थांबवलं. टेप मागे घेतली. आवाज मोठा केला.

"बाय."

हळू आवाज. कुणाचं काम बिघडू नये म्हणून दबक्या आवाजात मारलेली हाक.

"दात रोवलेलेच. उजवा पंख हलतोय," मी.

"बाय गो. फास तुटलो. शिडी आणतंस काय? विहिरीकडची."

आणि मग टेपवर माझा आवाज आला. शांत. जराही न अडखळता.

"एक मिनिट हं, काका."

"बरा," काका म्हणाले. "बरा, बाय."

टेप चालूच राहिली. "नऊ चौदा. उजवा पंख थांबला. डावा हलतोय." पोफळीच्या सालीवरून काहीतरी घासल्याचा आवाज. पुन्हा घासल्याचा. कुणीतरी दातांवर दात दाबून श्वास घेत होतं. एक कावळा ओरडला. "डावा पंख थांबला. दात काढले. आता गुंडाळणं सुरू." आणि धप्प.

"नऊ वाजून पंधरा मिनिटं," माझा आवाज म्हणाला. "गुंडाळणं चालू."

मी ती टेप तीनदा ऐकली, कारण माझा विश्वास बसेना. 'एक मिनिट हं, काका' हे शब्द मी उच्चारले होते, हे मला कुठेच सापडत नव्हतं. डोक्यात शोधलं, जिभेवर शोधलं. नव्हतंच. आवाज मात्र माझा होता.

आणि त्यानंतर त्या माणसानं पुन्हा हाक मारली नव्हती. मी थांबा म्हटलं, ते थांबले. हात सुटेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी मी टेप तांबोळी सरांना ऐकवली. प्रयोगशाळेत दोघंच होतो. ते उभ्यानंच ऐकत होते. संपल्यावर त्यांनी दार लोटून घेतलं.

"पुसून टाक," ते म्हणाले. "आजच."

"त्यांच्या बायकोनं मला विचारलं होतं, सर. मी नाही म्हणाले."

"तेव्हा तुला ठाऊक नव्हतं."

"आता आहे."

"हेमलता, ऐक. सांगून तुझं मन हलकं होईल. तिचं काय होईल? ते वरच गेले, असं समजून ती बाई जगतेय. तेवढं तरी राहू दे तिच्याकडे." ते थांबले. मग टेबलाकडे पाहत, जरा खालच्या आवाजात म्हणाले, "नोंद उतरवून घेतलीस ना?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते चांगले गृहस्थ होते. माझ्या वडिलांच्या आजारपणात त्यांनी धावपळ केली होती.

"हे मी विचारायला नको होतं," ते म्हणाले आणि खुर्चीत बसले.

तेरावं झाल्याच्या दुसऱ्या दिवशी मी गावात उतरले. काकी मागच्या दारी एकट्याच होत्या, सुपाऱ्या कातरत. मला पाहून उठल्या, पाणी दिलं. चहाचं विचारलं. मी नको म्हटलं आणि उभ्यानंच सगळं सांगून टाकलं. एका दमात, जसं पाठ करून आले होते तसं.

त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही. माझं संपल्यावर म्हणाल्या, "ऐकव."

"काकी..."

"ऐकव माका."

मी टेप लावली. माझ्या आवाजात फुलपाखरू आलं. मग काकांचा आवाज आला आणि काकींच्या हातातला अडकित्ता खाली पडला. त्यांनी तो उचलला नाही. धप्प झालं तेव्हा त्यांचं सगळं अंग एकदा हललं.

मी टेप बंद केली.

"किती येळ?"

"काय, काकी?"

"ह्यांनी हाक मारल्यानी, आनी पडले. किती येळ तां?"

मला तो सेकंदासकट माहीत होता. टेप ऐकताना मी घड्याळ लावून पाहिलं होतं. "दोन मिनिटं चाळीस सेकंद," मी म्हणाले.

त्या उठल्या. "चल."

आगरात मी बसायची ती जागा त्यांना बरोबर ठाऊक होती. चौरंग अजून तिथंच होता, पावसानं भिजून काळा पडलेला. त्यांनी पदर कमरेला खोचला.

"तुजा घड्याळ लाव. मी शिडी आणतंय."

"काकी, नका. मी आणते."

"तू नको. लाव."

मी बटण दाबलं. काकी विहिरीकडे धावल्या. पन्नाशीची बाई, तेरा दिवस धड न जेवलेली. अळवाच्या पानांतून, चिखलातून. एकदा पाय घसरला, हात टेकला, पुन्हा उठल्या. विहिरीच्या भिंतीला टेकवलेली बांबूची शिडी त्यांनी खांद्यावर घेतली आणि तशाच परत आल्या. पोफळीच्या बुंध्यावरचं शेवाळ एका ठिकाणी खरवडून निघालं होतं. खरवडल्याच्या खुणा वरपासून खाली येत एका उंचीवर थांबल्या होत्या. तिथपर्यंत ते घसरत आले होते आणि तिथंच चिकटून राहिले होते. काकींनी शिडी लावली. शिडीचं टोक त्या खुणांच्याही हातभर वर गेलं.

"किती?" त्या धापा टाकत म्हणाल्या.

घड्याळ माझ्या हातात होतं. त्यांना ते वाचता येत नव्हतं. मी काहीही सांगू शकले असते. तीन मिनिटं म्हणाले असते तर तीन मिनिटं झाली असती.

"एक मिनिट एकोणीस सेकंद."

"म्हंजे पुरलो असतो येळ?"

"हो."

"पुरलो असतो?"

"हो, काकी."

त्या शिडीच्या खालच्या पायरीवर बसल्या. रडल्या नाहीत. हाताला लागलेला चिखल अंगठ्यानं काढत राहिल्या, एकेका बोटाचा. मी कशाची वाट पाहत होते कोण जाणे. एक थोबाडीत बसेल, शिव्याशाप मिळतील, असं काहीतरी मी मनात धरून आले होते. त्यातलं काहीच झालं नाही.

"लोक म्हणाले, वरच जीव गेलो," त्या म्हणाल्या. "तेच्यावर माका रातची नीज येत होती. तू तां पन नेलंस."

"तुम्ही विचारलं होतं, काकी. म्हणून..."

"मी इचारलंय," त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. "मी इचारलंय म्हणून तू सांगलंस? काय तुझ्यान सोसवना म्हणून?"

मी घड्याळाचा काटा शून्यावर आणला.

थोड्या वेळानं त्या उठल्या. मला म्हणाल्या, "ती पेटी हय ठेव. टेप पन."

टेपरेकॉर्डर विभागाचा होता. मी हो म्हटलं. पुढे सरांनी तो हरवल्याचं लिहून दिलं आणि मला एका शब्दानं विचारलं नाही. प्रबंधही मी पुरा केला. फुलपाखराच्या रकान्यात एक नोंद आहे. ती खरी आहे, म्हणून मी ती काढली नाही, असं मी स्वतःला सांगत आले.

पडवीत मी पेटी ठेवली आणि निघाले. अंगण ओलांडलं तोच काकींनी हाक मारली.

"बाय, ह्या बंद कसा करतत तां दाखव."

मी परत आले. त्यांचं बोट धरून बटणावर ठेवलं. हे लावायचं. हे थांबवायचं. हे मागे न्यायचं. त्यांचं बोट गार होतं. त्यांनी दोनदा करून पाहिलं.

"पडूच्या आधी बंद करूचा," त्या म्हणाल्या. "तां केवा, कसा कळतला माका?"

मला काय विचारतायत ते कळायला एक क्षण लागला.

"कावळा ओरडतो," मी म्हणाले. "कावळा ओरडला की दाबा."

त्यांनी मान हलवली. जा म्हणाल्या नाहीत, परत ये म्हणाल्या नाहीत.

मी कुंपणाच्या गडग्यापाशी पोचले तेव्हा पडवीतून माझाच आवाज ऐकू आला, मोठा आणि स्पष्ट, वेळ सांगणारा. मग काकांचा. सालीवर घासल्याचा. कावळा ओरडला आणि खट् झालं.

त्यांनी वेळेवर दाबलं होतं. मी तिथंच उभी राहिले. थोडा वेळ टेप मागे जाण्याची घरघर चालू होती, ती थांबली, आणि पुन्हा नऊ वाजून बारा मिनिटं झाली.